पाया, लिंटल, स्लॅब

तुळजारामनं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. जुन्या हॉलच्या पायरीवर, अगदी मधोमध, एक म्हातारी येऊन उभारली होती. धुतलेलं इरकली लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हात अंगाला चिकटवलेले. कवायतीला उभारलेल्या पोरासारखी ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

“आज्जी, बाजूला व्हा की. फोटो काढायचाय.”

“काढ की. त्यासाठीच उभारलेय.”

“तुमचा न्हाई ओ. बिल्डिंगचा.”

“मग बिल्डिंगचाच काढ. मी काय तिला झाकायलेय व्हय? मी नुसती उभारते.”

“पण कामून?”

म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं, जसा काही तो या मुलखात आजच उतरला आहे. “कामून म्हणजे? हॉलच्या मागं माझी खोली हाय. मी न्हाई उभारलं तर दुसरं कोण उभारंल?”

जेसीबीच्या सावलीत बसलेला पंचाक्षरी खो खो हसायला लागला. पंचाक्षरी म्हणजे बांधकामाचा सुपरवायझर. त्याला म्हातारीच्या डोक्यातलं लगेच कळलं. तुळजारामला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तोही हसला.

या भागात ज्याला सरकारी घरकुल मिळालंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जुनं घर पाडायच्या आधी मालकानं त्याच्यासमोर उभारायचं आणि पंचायतीच्या माणसानं मोबाईलवर फोटो घ्यायचा. पाया झाला की परत उभारायचं. दारा-खिडक्यांवरचं लिंटल झालं की परत, स्लॅब पडला की परत. गावात याला ‘जीपीएस करणं’ म्हणतात. जो फोटोत उभारला त्याचं घर. जो उभारला नाही त्याचं काम अडकलं. या म्हातारीनं, नागूबाईनं, गावातली घरकुलं अशीच उठताना बघितली होती. ओल्या बाळंतिणी येऊन उभारायच्या. आजारी म्हाताऱ्यांना खाटेसकट आणून ठेवायचे. आता तिची खोली असलेल्या हॉलपुढं एकजण तीन पायांवर कॅमेरा लावून उभा राहिला, तर तिनं दुसरं काय समजायचं?

ते आवार म्हणजे अफजलपूरहून करजगीकडं जाणाऱ्या रस्त्यावरची एक शिक्षणसंस्था. थोरल्या अप्पांनी बांधलेली. शहाबादी दगडाच्या भिंती, लांबलचक हॉल, त्याच्या दोन्ही अंगांना वर्ग, आणि हॉलच्या पाठीला टेकलेली एक खोली. त्या खोलीत घंटा देणारा गुरप्पा शिपाई राहायचा. नागूबाई त्याची बायको. पोटी कुणी नाही. गुरप्पा गेला तेव्हा थोरले अप्पा म्हणाले होते, “नागू, ही खोली तुझी. मरेपर्यंत.” बोलणं तोंडीच झालं, आणि मरायचं म्हणाल तर थोरले अप्पाच आधी मरून गेले.

आता त्यांचे चिरंजीव गुरुशांतप्पा अध्यक्ष होते. दगडी इमारत पाडून तिथं तीन मजली काचेची इमारत करायची होती. गुरुशांतप्पांनी बेंगळूरला कुणाच्या तरी मोबाईलमध्ये बघितलं होतं, एका कॉलेजची जुनी इमारत मिनिटभरात पडते आणि तिथं नवी उगवते. दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढून ते एकापाठोपाठ एक लावलेले. तसंच त्यांना हवं होतं. फोटो मोठे करून नव्या हॉलच्या भिंतीला ओळीनं लावायचे आणि खाली फोटोग्राफरचं नाव.

तुळजारामला ते नाव हवं होतं. त्याचा बाप मेंढरामागं हिंडत मेला. तुळजारामनं बसस्टॅंडजवळ स्टुडिओ टाकला, पण लग्नं सगळी सोलापूरहून ड्रोन घेऊन येणाऱ्या पोरांनी नेली. त्याच्याकडं पासपोर्टचे फोटो आणि मेलेल्यांचे मोठे करून द्यायचे फोटो, एवढंच उरलं. म्हणून हे काम त्यानं जीव लावून करायचं ठरवलं होतं. समोरच्या आडाच्या कट्ट्यावर एका फरशीत त्यानं छिन्नीनं तीन खळगे पाडले. त्या खळग्यांत स्टॅंडचे पाय बसले की कॅमेरा दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर. तिकडं कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं मजुरांना दम देऊन सांगितलं होतं.

“उभारू दे रे तिला,” पंचाक्षरी डोळे पुसत म्हणाला. “आज्जी, नीट उभारा! जीपीएस चाललंय! नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला खोली तुमची. नळासकट!”

“नळ नको बाबा. आड हाय की. खोली दे.”

मजूर हसले. जेसीबीचा ड्रायव्हर हसला. नागूबाईही हसली, कारण सगळे आनंदात आहेत असं तिला वाटलं.

तुळजारामनं फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघितलं, परत एकदा बघितलं. माणूस नसताना ती इमारत नुसती दगडाची रास दिसत होती. म्हातारी उभारल्यावर दाराची उंची कळली, भिंतीची जाडी कळली. फोटो बोलायला लागला.

“बरी आलीस, आज्जी,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात पण ये.”

“ईन की. पाया व्हईल न्हवं तवर?”

हॉल पडला. खोलीही पडली. खोली पडताना नागूबाई रडली नाही. घरकुलात जुनं पडल्याशिवाय नवं उठत नाही हे तिला माहीत होतं. तिनं आपली दोन भांडी, गोधडी आणि गुरप्पाच्या घंटेचा लाकडी टोला एका पोत्यात भरला आणि सिमेंटच्या शेडला टेकून पत्र्याचा आडोसा केला. पंचाक्षरीनं तिला हटकलं नाही. उलट म्हणाला, “राहा आज्जी. मालकानं साइटवर असलेलं बरं.” म्हातारी शेडपाशी झोपायला लागल्यापासून सिमेंट आणि सळई चोरीला जायची थांबली होती. राखणदार ठेवायचा त्याचा विचार होता, तो त्यानं सोडून दिला.

दर महिन्याला तुळजाराम यायचा, खळग्यांत स्टॅंड बसवायचा आणि म्हातारी हातातलं काम टाकून तोंड धुवायची. पायाच्या खड्ड्यापुढं उभारली. कॉलमच्या सळया उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यामध्ये उभारली, सळईएवढीच बारीक. पायरी गेली होती, पण पायरी कुठं होती हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती तिथंच पाय ठेवायची. लिंटलच्या वेळी तिला ताप होता. दोन मजूर बायकांनी धरून आणली आणि फोटोपुरत्या बाजूला झाल्या.

“सोडा मला,” ती त्यांना म्हणाली. “धरल्यालं दिसलं तर नाव दुसऱ्याचं लागंल.”

पंचाक्षरीनं हा विनोद सगळ्या तालुक्यात सांगितला. संस्थेचे मास्तर मधल्या सुट्टीत मुद्दाम बघायला यायचे. “आज्जी, वास्तुशांतीला काय करणार?” असं विचारायचे. “पुरणाची होळगी करणार. तूप तुम्ही आणा,” ती म्हणायची. आणि तिनं खरंच भिंतींना पाणी मारायला सुरुवात केली. घरकुलवाले मारतातच. आडातून घागर काढायची, भिंतीवर ओतायची, परत जायचं. स्लॅब पडला तेव्हा पंचाक्षरीनं त्यावर सिमेंटचे वाफे करून दिले आणि पाण्याचा पाईप तिच्या हातात दिला. म्हातारी उन्हातान्हात वाफे भरायची. पाणी मारणारा माणूसही पंचाक्षरीनं लावला नाही.

एक दिवस तुळजारामची बायको म्हाळसा त्याचा डबा घेऊन साइटवर आली. तिनं म्हातारीला जिन्यावरून पाईप ओढत जाताना बघितलं आणि नवऱ्याला विचारलं. त्यानं हसत हसत सगळं सांगितलं. म्हाळसा हसली नाही. त्यांचं स्वतःचं घर घरकुलाचंच होतं. पायाच्या वेळी ती पोटुशी होती, माहेरी होती; फोटोत नव्हती म्हणून पंचायतीनं सगळं काम अडवून तिला बोलावून घेतलं होतं.

ती सरळ जिना चढून वर गेली. तुळजाराम तिच्यामागं.

“नागूआज्जी, हे लोक तुमची चेष्टा करायलेत. हे घरकुल न्हाई. हे कॉलेज हाय. हे फोटो शोभेचे हायती. तुम्हाला हितं खोली मिळायची न्हाई. तुम्ही पंचायतीत जावा, अर्ज करा. मी येते संगं.”

नागूबाईनं पाईप खाली ठेवला. तिला वर बघायचा, ऊन डोळ्यांवर घ्यायचा त्रास झाला असावा, कारण तिचं तोंड वाकडं झालं.

“तुझं घर कशावर झालं गं?”

“फोटोवर. पण ते पंचायतीचे…”

“तुझं फोटोवर झालं आणि माझं व्हायचं न्हाई? तुझं एकमजली आणि माझं तीनमजली, म्हणून पोटात दुखायलंय व्हय?”

“आज्जी, ऐका तर. ह्यांनाच विचारा. ह्येच काढतेत न्हवं फोटो?”

दोघीही तुळजारामकडं बघायला लागल्या. खाली पंचाक्षरी कमरेवर हात ठेवून वर बघत होता. तुळजारामच्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती. स्लॅबचा फोटो राहिला होता, रंगाचा राहिला होता, आणि म्हातारी उद्या आली नाही तर त्याची सगळी ओळ मोडणार होती. आजवर त्यानं कधी काही इतकं चांगलं केलं नव्हतं.

“मला काय ठावं,” तो म्हणाला. “मी आपला काढायचं काम करतो.”

“बग,” नागूबाई म्हाळसाला म्हणाली, आणि पाईप उचलला.

रंगाचं काम निघालं तेव्हा गुरुशांतप्पांनी सगळे फोटो बघायला मागितले. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीएवढा टीव्ही होता. तुळजारामनं वायर जोडली. सोफ्यावर गुरुशांतप्पा, त्यांच्या शेजारी संस्थेचे वकील श्रीपतराव, आणि दारापाशी उभा पंचाक्षरी. तुळजाराम जमिनीवर बसला.

फोटो सुरू झाले. दगडी हॉल आला, पडला, खड्डा झाला, खड्ड्यातून सळया उगवल्या, भिंती वर चढल्या. आणि हे सगळं होत असताना मधोमध एक म्हातारी, जागची न हललेली, कॅमेऱ्यात बघत. फक्त तिचं लुगडं बदलत होतं. कधी निळं, कधी विटकं हिरवं, परत निळं.

“अरे, ही तर घंटेवाल्या गुरप्पाची बायको!” गुरुशांतप्पा म्हणाले. “ही काय करायलीय हितं? खेळण्यातल्या बाहुलीवाणी?”

पंचाक्षरी याचीच वाट बघत होता. त्यानं जीपीएसची सगळी गोष्ट सांगितली. नळाची सांगितली, वाफ्यांची सांगितली, “नाव दुसऱ्याचं लागंल” याची नक्कल करून दाखवली. गुरुशांतप्पा इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. आतून बायका बघायला आल्या. तुळजारामही हसला. आपलं काम धन्यांना आवडलं, असं त्याला वाटलं.

श्रीपतराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

“फोटोंवर तारीख असते का रे?”

“असते साहेब. आतमधी.”

“सगळ्यांच्या?”

“व्हय, सगळ्यांच्या.”

“मग हसताय काय?” श्रीपतराव गुरुशांतप्पांकडं वळले. “पाडायच्या आधी दारात ही. पाया, ही. लिंटल, ही. स्लॅब, ही. तुम्हीच नेमलेल्या माणसानं, एकाच जागेवरून, महिन्याच्या महिन्याला काढलेली. आणि वर ती तिथंच राहतीय, तिथंच झोपतीय, पाणी मारतीय. उद्या हिला कुणी धरून वकिलाकडं नेलं, तर त्याला दुसरं काही शोधायलाच नको. ताबा म्हणजे आणि काय असतं?”

हसणं थांबलं. टीव्हीवर स्लॅबचा फोटो तसाच होता. नागूबाई सगळ्यांकडं बघत होती.

तालुकाभर जिचं हसं झालं ती म्हातारी बरोबर होती. फोटोत उभारणाऱ्याला घर मिळतं, हे तिनं म्हटलं ते श्रीपतरावांनाही मान्य होतं. फक्त त्यांनी ते वेगळ्या शब्दांत म्हटलं.

गुरुशांतप्पा रागात आले की कानडीवर जायचे. टीव्हीकडं बोट करून म्हणाले, “अकीन तेगी.”

‘अकीन’ म्हणजे तिला. कानडीतलं ‘तेगी’ आणि मराठीतलं ‘काढ’, दोन्ही सारखेच. फोटो काढायलाही तोच शब्द आणि माणूस काढायलाही तोच. तुळजारामला कळेना. त्यानं विचारलं, “फोटोतनं काढू का धनी, का साइटवरनं काढायचं?”

“दोन्हीकडनं,” श्रीपतराव म्हणाले. “आधी फोटोतनं. आणि मूळ फोटो एकसुद्धा ठेवायचा नाही. कॅमेऱ्यात नाही, कॉम्प्युटरात नाही. कळलं?”

“कळलं साहेब.”

गुरुशांतप्पांनी धोतरावरचा चहा झटकला. “पंचाक्षरी, पाणी मारायचं संपलं का?”

“वरच्या गच्चीचं हाय धनी. आठवडाभर अजून.”

“मग आठवडाभर राहू दे तिला.”

तुळजाराम दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून कामाला बसला. शेजारचा दगड उचलून म्हातारीच्या पायावर ठेवायचा, भिंतीचा तुकडा घेऊन छातीवर चिकटवायचा, दाराचा अंधार घेऊन तोंड बुजवायचं. पहिल्या फोटोला फार वेळ लागला. तिथं ती अंगानं भरलेली होती, लुगडं वाऱ्यानं फुललेलं होतं, मागं दगडाची नक्षी होती. पण पुढं पुढं काम सोपं होत गेलं. म्हातारी दर महिन्याला बारीक होत गेली होती. शेवटच्या फोटोंत तिला झाकायला सळईच्या रुंदीचा तुकडा पुरत होता.

म्हाळसा चहा घेऊन आली आणि मागं उभारून बघत राहिली. माउस फिरत होता आणि नागूबाईचं एकेक अंग भिंत होत होतं.

“एक तरी ठेवा,” ती म्हणाली.

“कशाला?”

“तिच्यापाशी तिचा एकबी फोटो नसंल. मेल्यावर लावायला तरी.”

“ठेवला आणि श्रीपतरावांना कळलं तर? नाव जाईल भिंतीवरचं.”

“त्या नावाला काय चाटायचंय?”

तो माउस फिरवत राहिला. तिनं चहा टेबलावर ठेवला नाही, तसाच परत नेला.

श्रीपतराव दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आले. एकेक फोटो जवळ जाऊन बघितला. लिंटलच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. “हे काय?” तिथं म्हातारी नव्हती, पण तिची सावली फरशीवर तशीच पडलेली होती. माणूस नाही आणि सावली आहे. “पोरकटपणा करू नको,” श्रीपतराव म्हणाले. तुळजारामनं खरंच विसरून ठेवली होती. त्यानं सावलीही काढली. स्लॅबच्या फोटोत कोपऱ्यात घागर होती, तीही काढली. मग मूळ फोटो पुसले. कायमचे पुसायचे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. श्रीपतरावांनी त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं ‘होय’वर दाबलं.

आठवड्यानं गच्चीचं पाणी संपलं. पंचाक्षरीनं पत्र्याचा आडोसा मोडला आणि नागूबाईला सांगितलं, “रंगाचा वास बाधतो आज्जी. बाहेर बसा थोडे दिवस. उद्घाटनाला बोलावतो.” तिनं पोतं उचललं आणि फाटकाबाहेर, सोलापूर गाडीच्या थांब्यावर, दगडी निवाऱ्यात जाऊन बसली. उसाचे ट्रॅक्टर दिवसभर समोरून जायचे आणि तिच्या भाकरीवर धूळ बसायची.

तुळजाराम फ्रेम मोजायला आला तेव्हा तिनं त्याला हटकलं. मोटारसायकलच्या हॅंडलला तिनं हातच घातला.

“लेकरा, सगळ्यात आले का रे मी? पाया, लिंटल, समद्यात?”

त्याला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही सांगायचं नव्हतं. आणि एक वाक्य त्याच्या तोंडात आयतंच आलं.

“सगळ्या फोटोंतनं काढलंय तुला, आज्जी.”

‘फोटोंतनं’मधला शेवटचा ‘नं’ त्यानं किंचित गिळला. म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. पुढं गेल्यावर तुळजारामला बरं वाटलं. आपण एक शब्दही खोटा बोललो नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि संध्याकाळी पंचाक्षरीलाही सांगितलं. पंचाक्षरीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. “तू तर माझ्याहून बेरकी निघालास.” ते वाक्य मग तालुकाभर झालं. थांब्यावर उतरणारी पोरं विचारायची, “आज्जी, फोटोचं काय झालं?” आणि नागूबाई जसंच्या तसं म्हणायची, “सगळ्या फोटोंतनं काढलंय मला.” पोरं एकमेकांना कोपर मारायची.

उद्घाटनाच्या दिवशी मांडव, पाहुणे, हार, सनई. नव्या हॉलात फोटोंची ओळ लागली होती आणि खाली छोट्या अक्षरांत तुळजारामचं नाव. आता शेवटचा फोटो राहिला होता, त्याच खळग्यांतून, सगळ्या पाहुण्यांना इमारतीपुढं उभं करून. पाहुणे अजून आतून बाहेर निघत होते. तुळजारामनं कॅमेऱ्याला डोळा लावला.

नागूबाई मधोमध उभारली होती. निळं इरकली लुगडं, डोक्यावर पदर, बगलेत पोतं. पोत्यातून घंटेचा टोला बाहेर आला होता. राहायलाच आली होती ती.

“ए, काढा तिला!” मागून गुरुशांतप्पा ओरडले.

“काढा, काढा!” श्रीपतराव ओरडले.

म्हातारीनं ते ऐकलं आणि मान डोलावली. तिला वाटलं, सगळे फोटोवाल्यालाच सांगत आहेत. तिनं पोतं खाली ठेवलं, दोन्ही हात अंगाला चिकटवले आणि तुळजारामकडं बघून म्हणाली, “काढ रे बाबा. मंडळी खोळंबलीत.”

दोन वॉचमन धावत आले. त्यांनी तिला दोन्ही बगलांत हात घालून उचललं. ती भांडली नाही. तिची मान फक्त कॅमेऱ्याकडं वळलेली राहिली, पाय अधांतरी लोंबत असतानाही. “झाला का? झाला का रे?” ती विचारत होती. तिला ओढत नेली तेव्हाही तिनं डोळे मिटले नाहीत, फोटो खराब येऊ नये म्हणून. एकानं पोत्याला लाथ मारून ते चौकटीबाहेर सरकवलं. टोला पायऱ्यांवरून गडगडत गेला आणि एका पाहुण्यानं तो बुटानं थांबवला.

तुळजारामचं बोट बटणावर होतं. आधी तिचं तोंड गेलं, मग पदर, मग एक चप्पल नसलेला पाय. शेवटची टाच काचेच्या कडेपलीकडं गेली तेव्हा त्यानं दाबलं. फोटो स्वच्छ आला.

त्यानंतर म्हाळसानं त्याच्याशी बोलणं टाकलं नाही. घर चालवायचं होतं. पण स्टुडिओत तिनं परत पाऊल ठेवलं नाही.

दिवाळीनंतर गुरुशांतप्पांनी नवी कल्पना काढली. रस्त्यावर थोरल्या अप्पांच्या नावाची कमान उभी करायची. त्यासाठी गाडीथांब्याचा दगडी निवारा पाडायचा होता. पाडायच्या आधीपासून कमान होईपर्यंत, महिन्याच्या महिन्याला फोटो. काम अर्थातच तुळजारामला.

तो सकाळी गेला. रस्त्यापलीकडच्या फरशीत त्यानं तीन नवे खळगे पाडले. छिन्नीचा आवाज ऐकून नागूबाई निवाऱ्यातून बाहेर आली. तिनं जेसीबी बघितला, कॅमेरा बघितला, आणि तिला सगळं समजलं. आत जाऊन ती पदर नीट करून आली. तोंडावर पाण्याचा हात फिरवलेला होता. निवाऱ्याच्या मधोमध येऊन उभारली. काठी मागं लपवली.

“तिकडची खोली दिली न्हाई त्यांनी अजून,” ती ओरडून म्हणाली. “रंग वाळला नसंल. पण ही तरी माझ्या नावावर लागू दे. हितं मी राहायलेय, सगळ्यांनी बघितलंय.”

पंचाक्षरी जेसीबीला टेकून हसायच्या तयारीत उभा होता. तुळजारामला परत घरी जाऊन दगडाचे तुकडे चिकटवत बसायचं नव्हतं. श्रीपतरावांनी परत बोट ठेवायला नको होतं. आणि कुणी काही सांगायच्या आतच त्यानं हात वर केला.

“आज्जी, जरा डावीकडं.”

ती सरकली.

“अजून थोडं. ऊन यायलंय तोंडावर.”

ती अजून सरकली. काठी टेकत, निवाऱ्याची भिंत धरत.

“अजून. अजून एक पाऊल. बास.”

काचेत आता नुसता निवारा होता. कडेला एक बोटसुद्धा दिसत नव्हतं.

“आले का रे मी?”

“आलीस. हलू नको.”

म्हातारी हलली नाही. श्वास धरून, हात अंगाला चिकटवून, डोळ्यांत धूळ जात असतानाही पापणी न लववता ती त्या मोकळ्या जागेत उभी राहिली. तुळजारामनं बटण दाबलं.

“काढलं,” तो म्हणाला, आणि जेसीबीवाल्याला हात केला.